गुळाच्या कोठीतली मुकी मैना

एका राज्यात राजापेक्षा तराजूचा मान मोठा होता. सोन्याची दांडी, सोन्याच्या साखळ्या, आणि पारडी एवढी प्रशस्त की एकात माणूस मांडी घालून बसावा आणि दुसऱ्यात गुळाच्या ढेपा रचाव्यात. राज्याच्या वारसाचा वाढदिवस आला की त्याला पारड्यात बसवीत, त्याच्या भारोभार गूळ तोलीत आणि तो गूळ घरोघर वाटीत. वारस जितका जड तितका गूळ जास्त. म्हणून राजाचं लेकरू दिसलं की लोक त्याचे गाल ओढून म्हणत, "यंदा चांगलं भरलंय हो बाळ!" बाळाला काय वाटत असेल, हे विचारायची तिथे रीत नव्हती.

ही तुळा राजाच्या खापरपणजोबांनी एका मांत्रिकाला हरवून आणली होती. हरलेला मांत्रिक तुळेमागोमाग पायी चालत आला आणि म्हणाला, "तुळा नेलीस, आता मलाही ठेवून घे. मी तोलीन." खापरपणजोबांना त्यात काही वावगं दिसलं नाही. तेव्हापासून चार पिढ्या तोच राजमापारी होता. त्याचं नाव कालदंड. तो जेवत नसे, झोपत नसे, म्हातारा होत नसे. त्याची सावली जमिनीवर न पडता रिकाम्या पारड्यात पडे. चार पिढ्यांत लोकांना त्याचीही सवय झाली होती.

राजाचं नाव उदयभान, राणीचं विशाखा. त्यांना एकच लेक, कुमुदावती. राणी तिला कुमू म्हणे. राणीने एक पहाडी मैना पाळली होती. ती हुबेहूब राणीच्या आवाजात "कुमू, ये गं" म्हणायची, आणि पोर फसून धावत यायची. मग तिघी हसायच्या.

कुमूचा आठवा वाढदिवस उजाडला. वारसाच्या आईने उपाशीपोटी उभं राहावं आणि शेवटचा गूळ आपल्या हाताने पारड्यात ठेवावा, अशी तिथली रीत. तुळा सूर्योदयाला व्हायची होती. पण राजा सीमेवर गेला होता, तो परतला भर दुपारी. तोवर राणी उभीच होती.

कुमू पारड्यात बसली. ढेपेवर ढेप चढली. पारडं काही हलेना.

"अजून एक," कालदंड म्हणाला.

राणीने आणखी एक ढेप उचलली.

"अजून एक."

राणी हसत वाकली. ढेप ठेवली. पारडी समान झाली, लोकांनी जयजयकार केला, आणि राणी जागच्या जागी कोसळली. ती पुन्हा उठली नाही.

गर्दीत एक बाई बोलून गेली, "पोर फार जड होती हो. उचलता उचलता गेली बिचारी." बोलली, पदराला डोळे पुसले आणि आपल्या वाट्याचा गूळ घेऊन घरी गेली. तिला दुसऱ्या दिवशी ते आठवतही नसेल. पण पारड्यातल्या पोरीने ते ऐकलं होतं.

राजाने दुसऱ्या दिवशी आज्ञा काढली की यापुढे राजवाड्यात राणीचं नाव कोणी काढायचं नाही. मैना त्याच आवाजात बोलत होती, म्हणून तिच्या पिंजऱ्यावर काळं कापड टाकलं आणि पिंजरा कुठेतरी अडगळीत नेऊन टांगला. राजाला वाटलं, नाव निघालं नाही तर पोर विसरेल. वेडा बाप! पोर विसरली तर नाहीच, वर तिला विचारायला माणूस उरला नाही.

तेराव्या दिवशी कुमू एकटीच तुळामहालात गेली. कालदंड तिथे उभा होता.

"माझी आई कुठे आहे?" तिने विचारलं.

"या पारड्यात. तू जड झालीस, म्हणून तुळेने तिला घेतलं."

"मग ती परत कधी येईल?"

"तू पिसासारखी हलकी झालीस की येईल. तीन नेम पाळ. गोड तोंडात घालू नकोस. कोणाच्या देखत जेवू नकोस. आणि हे कोणाला सांगू नकोस. सांगितलंस, तर ती जिथे असेल तिथे पुन्हा मरेल."

आठ वर्षांची पोर ती. तिने तीनही नेम पदरात बांधले आणि आठ वर्षं पाळले.

पहिली दोन वर्षं कोणाच्या लक्षातही आलं नाही. उलट कौतुकच झालं. राजकन्या किती शहाणी, हावरेपणा म्हणून नाही, गोडाकडे ढुंकून पाहत नाही! कुमूला ते ऐकून बरं वाटे, आणि बरं वाटलं की ती ताटातला आणखी एक घास कमी करी. पुढे पुढे कालदंडाला काही सांगावं लागेना. त्याचा आवाज तिच्या ताटातच येऊन बसला. भाताकडे हात गेला की भात हळूच म्हणे, "जड होशील." पाण्याचं भांडं उचललं की पाणी म्हणे, "आई वाट बघते आहे."

तिला भूक लागत नव्हती असं नाही. भूक तिला आतून फाडून काढी. पण भुकेपेक्षा भीती मोठी होती, आणि ती भीती आईच्या जिवाची होती. चैत्राच्या उन्हात ती शाल पांघरून थरथरे. जिने चढताना मध्येच बसे. आरशात पाहिलं की तिला त्यात अजूनही तीच जड मुलगी दिसे, पारडं न हलवणारी.

मग राजवाड्यातले शहाणे जागे झाले. वैद्यांनी काढे दिले. पंचाक्षऱ्याने अंगारे फुंकले. राजाची आत्या म्हणाली, "थेरं आहेत सगळी. दोन दिवस कोंडून ठेवा, खाईल मुकाट्याने." दोन दासींनी हात धरले आणि तिसरीने तोंडात घास कोंबला. तेव्हा कुमू अशी काही किंचाळली की पुन्हा तो उपाय कोणी केला नाही. सगळे उपाय झाले. "बाळ, तुला कसली भीती वाटते?" एवढं मात्र कोणी विचारलं नाही.

आणि राजाचं काय? तो वाढत होता. सिंहासन दोनदा रुंद केलं. घोडा त्याला पाहून मान फिरवू लागला. दरबारी तोंडावर हात ठेवून हसत आणि मागे म्हणत, "लेकीच्या वाटणीचंही महाराजच खातात." त्याला मात्र काढे नाहीत की अंगारे नाहीत. त्याच्या खाण्यात काही दुखणं असेल, असं कोणाला वाटलंच नाही. बापलेक आठ वर्षांत एका पंक्तीला बसले नव्हते.

कुमूच्या सोळाव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले तेव्हा प्रधान राजापुढे आला.

"महाराज, आठ वर्षं तुळा झाली नाही. सोळाव्या वर्षी झालीच पाहिजे. नाहीतर राजकन्येला वारस म्हणता येणार नाही."

राजा म्हणाला, "होऊ द्या."

त्याच दिवशी कालदंड कुमूच्या दारात येऊन उभा राहिला. "तीन दिवस उरले, राजकन्ये. आता पाणीसुद्धा नको. पारड्यात बसशील तेव्हा समोर आई असेल."

कुमूने आपल्या हातांकडे पाहिलं. हाताची शीर न् शीर मोजता येत होती. आई येईल, पण तोवर आपण उरू का, हा प्रश्न तिच्या मनात पहिल्यांदाच आला. तो कोणाला विचारायची सोय नव्हती.

दुपारी दासीने ताट वाढून ठेवलं. ते कोठे रिकामं करावं म्हणून कुमू गुळाच्या कोठीकडे गेली. तिथे मुंग्या फार, आणि मुंग्या कोणाला सांगत नाहीत. कोठीचं दार उघडंच होतं. आत कोणीतरी होतं.

ढेपांच्या राशीमागून तिने पाहिलं. जमिनीवर राजा उदयभान बसला होता. पुढ्यात परात. दोन्ही हातांनी तो खात होता, डोळे मिटून, न चावता. त्याच्या चेहऱ्यावर चवीचा मागमूस नव्हता. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तेही घासाबरोबर आत जात होतं. परातीतून आवाज येत होता.

"अजून खा, राजा. आत पोकळी आहे. ती भरली की राणी परत येईल. कोणाला सांगू नकोस."

कुमूच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच आवाज! आठ वर्षं ती ज्याला एकटीचं गुपित समजत होती, तो आवाज बापाला नेमकं उलटं सांगत होता, आणि वचन मात्र दोघांना एकाच आईचं देत होता. तिला ओरडावंसं वाटलं. पण ती ढेपेला टेकून तशीच उभी राहिली.

राजा उठला. ज्या शेल्याने तोंड पुसलं त्यानेच डोळे पुसले. मग आढ्याला टांगलेल्या एका काळ्या गाठोड्यापाशी गेला, कापडाचा कोपरा जरासा उचलून मूठभर दाणे आत सारले आणि कोपरा घाईने सोडून दिला. तो निघून गेला. गाठोडं हललं.

"राजकन्ये," आतून कोणी बोललं.

आवाज आईचा नव्हता. आठ वर्षं न वापरलेला, खरखरीत, पक्ष्याचा स्वतःचा आवाज होता.

"मैने! तू जिवंत आहेस?"

"आहे. राणीचं शेवटचं बोलणं माझ्यापाशी आहे. ते मी तुला देईन. पण आधी तीन गोष्टी कर."

"कुठल्या?"

"पहिली, हे कापड काढ."

कुमूने हात वर केला. तेवढ्यात भोवतालच्या साऱ्या ढेपा कुजबुजल्या, "नाव निघेल. ती मरेल. ती मरेल." कापड बर्फासारखं गार होतं. कुमूने डोळे मिटले आणि ओढलं. पिंजऱ्यात मैना बसली होती. अंधारात राहून तिचं प्रत्येक काळं पीस पांढरं झालं होतं.

"दुसरी," मैना म्हणाली, "गुळाचा एक खडा तुझ्या दाताने फोड. अर्धा मला दे, अर्धा तू खा. माझ्या देखत."

कुमू दोन पावलं मागे सरली. "ते सोडून काहीही सांग."

"दुसरं काही नाही."

तिने हरभऱ्याएवढा खडा उचलला, ओठांपाशी नेला. कोठीतला सगळा गूळ एका आवाजाने गरजला, "जड! जड! जड!" भिंती जवळ येताहेत असं तिला वाटलं. खडा हातातून गळला. तोंडावर पदर दाबून ती पळत सुटली. त्या दिवशी ती परत आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चौघडा वाजू लागला. तुळेचा दिवस. दासी तिला सजवायला आल्या. बांगड्या घातल्या त्या मनगटावरून घसरून जमिनीवर पडल्या. एकीने त्या उचलल्या, पुन्हा घातल्या, त्या पुन्हा पडल्या. तेव्हा ती दासी हुंदका आवरत बाहेर गेली. कुमू त्या बांगड्यांकडे बघत राहिली. मग उठली आणि भिंत धरत धरत कोठीत गेली.

मैना रागावली नाही. "मी इथेच आहे," एवढंच म्हणाली.

कुमूने खडा उचलला. आवाज आला, तिने येऊ दिला. दाताखाली खडा फुटला. अर्धा तिने मैनेच्या चोचीत दिला आणि अर्धा जिभेवर ठेवला. आठ वर्षांनी जिभेला गोड लागलं, तेव्हा तिला आनंद झाला नाही, धडकीच भरली. ती आईच्या मरणाची वाट पाहत उभी राहिली. छप्पर पडलं नाही. जमीन फाटली नाही. आवाज मात्र दुप्पट चवताळला.

"तो थांबत नाही," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"एका खड्याने थांबणार नाही," मैना म्हणाली. "तिसरी गोष्ट इथे व्हायची नाही. जे सांगू नकोस म्हणून तुला बजावलं आहे, ते सांग. आणि ज्याला सांगायची सर्वांत भीती वाटते, त्याला सांग. मला बरोबर ने."

तुळामहाल माणसांनी भरला होता. राजा रुंद सिंहासनावर बसला होता. प्रधान, आत्या, म्हातारे राजवैद्य, सगळे जागच्या जागी होते. राजकन्येच्या हातात पिंजरा पाहून राजाचा चेहरा पांढरा पडला. कुमूने पिंजरा खाली ठेवला.

"बैस," कालदंड म्हणाला.

ती पारड्याच्या काठाशी आली. समोरच्या पारड्यात कालदंडाची सावली पडली होती. ती सावली हळूहळू उभी राहिली. तिला पदर आला, खांदे आले, तोंड आलं. आईचं तोंड! दोन्ही हात पसरून ती आकृती कुमूला बोलवत होती. "ये, कुमू. एक पाऊल. मग मी येते." आईच्या अंगाला हळदीचा आणि शिकेकाईचा वास असायचा. या आकृतीला कसलाच वास नव्हता. तिचे डोळे कुमूच्या चेहऱ्यावर नव्हतेच. ते तिच्या गळ्याच्या हाडांवर खिळले होते, आणि त्या डोळ्यांत निव्वळ भूक होती. कुमूला कळलं की या पारड्यातून कोणी परत येत नसतं, आत मात्र जातं.

ती सिंहासनाकडे वळली. "आबा," ती म्हणाली.

"सांगशील तर ती मरेल!" कालदंड ओरडला. आकृतीने किंकाळी फोडली. कुमूने पारड्याची साखळी घट्ट धरली.

"आबा, मी जड होते म्हणून आई गेली. मी हलकी झाले की तुळा तिला परत देणार आहे. म्हणून मी जेवत नाही. मला फार भीती वाटते, आबा."

राजा उठला. एवढा देह सावरत तो पायऱ्या उतरला आणि लेकीपुढे गुडघ्यांवर आला.

"तू नाही, बाळ. मी! त्या दिवशी परतताना मी मांडलिकाकडे मेजवानीला बसलो. एक पंगत, अजून एक पंगत, म्हणून थांबलो. ती इकडे उपाशी उभी होती. मी खात होतो आणि ती मरत होती, कुमू. त्या दिवसापासून मी खातोच आहे. थांबलो तर ते आठवतं."

तेव्हा पिंजऱ्यातली मैना बोलली. आवाज राणी विशाखेचा होता.

"वैद्यराज, हे दुखणं आजचं नाही, वर्षापासूनचं आहे. तुम्हीच म्हणालात, आता थोडे दिवस. आजचा उपास सोडून ते टळणार नाही, आणि महाराज लवकर येऊनही टळणार नाही. त्यांना निरोप धाडू नका, ते भरल्या ताटावरून उठतील. मला तुळेपर्यंत उभी राहू द्या. माझी कुमू केवढी भरली आहे, ते डोळे भरून बघायचं आहे मला. तान्ही होती तेव्हा जगेल असं कोणी म्हणत नव्हतं. आता बघा, पारडं हलायचं नाही!"

आणि मैना राणीच्या आवाजात हसली.

म्हातारे राजवैद्य खाली बसले. "खरं आहे," ते म्हणाले. "गुपित ठेवीन असं मी राणीसाहेबांना वचन दिलं होतं. पुढे बोलावंसं वाटलं, तर त्यांचं नाव काढायलाच बंदी झाली."

राजाने लेकीला कवेत घेतलं. कुमू आठ वर्षांचं रडली. तोही रडला. दोघांनी एकमेकांना गप्प केलं नाही.

समोरच्या पारड्यात आकृती उरली नव्हती. कालदंडाची सावली पहिल्यांदाच जमिनीवर पडली होती. ती पडताच चार पिढ्यांचं म्हातारपण त्याच्यावर एकदम कोसळलं. तो वाकला, वाळला, झिजला आणि मूठभर राख होऊन फरशीवर सांडला. वरची साखळी तुटली. दोन्ही पारडी खणखणत खाली आली. झाडूवालीने ती राख केरात भरली आणि बाहेर टाकली.

आता सगळं सुरळीत झालं असं सांगून उठता आलं असतं, पण ते खोटं होईल. त्या दुपारी राजाने दोनच ताटं मागवली आणि बापलेक शेजारी शेजारी बसले. पिंजऱ्यातून मोकळी केलेली मैना वर दांडीवर बसली होती. तिची पिसं मुळापासून पुन्हा काळी होऊ लागली होती. कुमूच्या ताटात पेज होती आणि लिंबाची एक फोड. तिने हात पुढे केला आणि थबकली.

"आबा, मांत्रिक गेला, पण तो आवाज अजून आहे."

"काय म्हणतो?"

"जड होशील म्हणतो."

"मला म्हणतो, अजून खा," राजा म्हणाला. "पोट भरलंय हे मला कळतच नाही गं."

"मग काय करायचं?"

"ठाऊक नाही. तो बोलला की मी तुला सांगतो. तू मला सांग."

असे ते रोज बसले. काही दिवस ताट तसंच परत गेलं. काही दिवस राजा उठून कोठीकडे निघाला आणि अर्ध्या वाटेवरून लेकीकडे आला. तिच्या मनगटात बांगडी ठरायला तीन वर्षं लागली. राजाला पुन्हा घोड्यावर बसायला त्याहून जास्त. आत्याबाईंना दोघांच्या ताटाविषयी बोलायला बंदी झाली. त्या देशातली ती सर्वांत शहाणी आज्ञा होती.

तुळा वितळवून तिच्या सोन्याच्या पळ्या केल्या. वारसाच्या वाढदिवशी आता कोणी कोणाला तोलत नाही. साऱ्या राज्याची पंगत बसते, राणीचं नाव घेतलं जातं, आणि कुमुदावती स्वतः पळीने वाढत जाते. लोक मात्र लोकच. एकदा एका म्हाताऱ्या बाईने सवयीने तिचा गाल ओढला आणि म्हणाली, "यंदा भरलीस हो!"

राजाने घास खाली ठेवला. कुमूच्या कानाशी तो जुना आवाज अगदी बारीक, डासासारखा गुणगुणला. ती क्षणभर डोळे मिटून उभी राहिली. मग तिने मैनेकडे पाहिलं, आणि मैना राणीच्या आवाजात म्हणाली, "बघा, पारडं हलायचं नाही!"

कुमू हसली, बापाशेजारी पानावर बसली आणि सगळ्यांच्या देखत तिने गुळाचा खडा तोंडात टाकला. तुळेची गोष्ट तिथे मोडली, पंगतीची सुरू झाली. ज्या घरात ताटावर भीती येऊन बसली असेल, त्या घरात तिचं नाव उघड घेतलं जावो, आणि सगळे पोटभर जेवोत.